तळं आपलं, शिंपला कुणाचा? दिंडोरी तालुक्यातल्या एका मोतीशेतीचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, केवायसी, दिवसभर हेच. २०२३ च्या दिवाळीनंतर गावातल्या एक वहिनी आल्या. मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एक माणूस बादलीतला शिंपला सुरीने उघडत होता आणि आतून गणपतीच्या आकाराचा मोती काढून दाखवत होता.

"भाऊ, यातलं खरं किती ते मी बघते. मला एवढंच सांगा, परवानगी कुणाची लागते?"

मी स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणालो, "तुमच्या तळ्यात तुम्ही काय टाकता, कुणाला काय पडलंय? बिनधास्त करा."

पुढच्या दोन वर्षांत या वाक्याचे एकेक करून टाके उसवत गेले. ते कसे उसवले, एवढंच इथे लिहितो आहे. वहिनींना विचारून लिहितोय, पण गावाचं, धरणाचं आणि मच्छीमार संस्थेचं नाव घालत नाही.

त्यांची शेती अडीच एकर, बहुतेक द्राक्षबाग. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली, त्यातून सासऱ्यांनी तळं खोदून घेतलं. तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, तळाला प्लास्टिकचा कागद. कालव्याचं आवर्तन आलं की भरून घ्यायचं आणि फेब्रुवारी ते मे बागेला द्यायचं. आमच्या भागात अशी तळी गावोगाव दिसतात. पावसाळ्यात वरून बघितलं तर रानात आरसे मांडून ठेवल्यासारखी. उरलेले महिने त्या पाण्याचं काही होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट वहिनींच्या डोक्यात बसली होती. पाणी आहे, जागा आहे, मग नुसतं का ठेवायचं?

गोड्या पाण्यात मोती पिकवायचं तंत्र काही नवं नाही. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगेला केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्था आहे, तिने १९८० च्या दशकातच ते बसवलं. तिथे प्रशिक्षणही मिळतं. शिंपला आपल्याच नदी-तळ्यातला, शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. आठ सेंटिमीटरच्या वरचा, धडधाकट शिंपला निवडायचा. दोन-तीन दिवस दाटीवाटीने ठेवायचा, म्हणजे त्याचा बंद धरणारा स्नायू सैल पडतो. मग एक सेंटिमीटरही नाही एवढी फट करायची, आतला पातळ पडदा कवचापासून हलकेच सुटा करायचा आणि त्या मधल्या जागेत साचा सरकवायचा. शिंपल्याच्या भुकटीपासून केलेला, गणपतीचा, स्वस्तिकाचा, कशाचाही. त्यानंतर दहाएक दिवस औषधाच्या पाण्यात देखभाल. मग नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत दोन-दोन शिंपले घालून, पाण्यात मीटरभर खोल टांगायचे. बारा ते अठरा महिन्यांत साच्यावर मोत्याचा थर चढतो.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. आणि यात कुठेही सरकारी कागद दिसत नाही. म्हणून तर मी "बिनधास्त" म्हणालो होतो.

पहिले पाचशे

भुवनेश्वर लांब. घरात दोन शाळकरी पोरं, बागेची छाटणी तोंडावर. वहिनींनी एका खासगी संस्थेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं, हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणासकट. येताना करार घेऊन आल्या आणि तो वाचायला माझ्याकडे दिला. 'बाय-बॅक'ची हमी होती खरी, पण बाराव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'गुणवत्तेच्या निकषात बसणारे मोतीच परत घेतले जातील.' निकष कुठले, ते कुठेच नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, हा करार तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे. पण पैसे भरून झाले होते.

पाचशे शिंपले ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ओल्या पोत्यात आले. सोबत बिल नाही, कुठल्या पाण्यातून काढले त्याचा पत्ता नाही. ड्रायव्हरने पोती रस्त्याच्या कडेला टाकली आणि निघून गेला. वहिनींनी ओट्यावर एकेक शिंपला बोटाने टिचकी मारून बघितला. जिवंत असेल तर टिचकीसरशी घट्ट मिटतो. मेलेला तसाच आ वासून राहतो. पहिल्याच रात्री दीडशेच्या वर बाजूला पडले. पंधरा दिवसांत वास इतका सुटला, की सासूबाईंनी तुळशीपुढे दिवा लावायला मागच्या दाराने जायला सुरुवात केली.

तेव्हा आम्हाला हा नुसता तोटा वाटला. खरं तर पहिला इशारा होता. ज्या मालाचा उगम कागदावर नाही, त्याबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

मे महिन्यातली दोन पोती

धरणाचं पाणी एप्रिल-मेमध्ये मागे हटतं. फुगवट्याच्या कडेला गाळ उघडा पडतो आणि त्यात शिंपले दिसतात, अर्धे रुतलेले, काळपट. आदिवासी वाड्यांवरच्या बाया टोपलीभर नेतात, कालवण करतात. पोरं त्यांच्याशी खेळतात. वहिनींच्या घरच्यांना वाटलं, आपल्या दारात असताना पैसे देऊन परगावचे मेलेले शिंपले का आणायचे? २०२४ च्या मे महिन्यात वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दादा, आणि त्यांचा मेहुणा पिकअप घेऊन गेले आणि दोन पोती भरून आणली.

वाटेत मच्छीमार संस्थेच्या राखणदाराने गाडी अडवली. रात्री अध्यक्षांच्या ओसरीवर बैठक बसली. मला बोलावणं आलं, कारण 'कागदातलं कळतं' अशी माझी गावात ख्याती. अध्यक्ष वयस्कर, भोई समाजातले, आवाज न चढवता बोलणारे.

"ठेका आम्ही भरतो. दर पावसाळ्यात बोटुकली, माशांची पिल्लं, आम्ही सोडतो. आणि तुम्ही पोती भरून नेता?"

दादा तापलेले. "मासे कुठं नेले? शिंपले हायेत ते! गाळातले. तुमच्या जाळ्यात आले तर तुम्हीच फेकून देता."

"फेकायचे का ठेवायचे, ते आम्ही ठरवू ना."

कायद्याने कोण बरोबर, हे त्या रात्री मलाही सांगता येईना. घरी येऊन शोधलं. आपल्याकडचे बहुतेक जलाशय जलसंपदा विभागाचे. त्यातला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग पाच वर्षांच्या ठेक्याने देतो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना पहिला मान असतो. एवढं माहीत होतं. प्रश्न 'मासे' या शब्दाचा होता. उत्तर सापडलं ते इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा व्याख्या देताना एका ओळीत सांगून मोकळा होतो, की मासा म्हटलं की त्यात कवचधारी जीवही आले. म्हणजे शिंपला सव्वाशे वर्षांपासून कायद्याने मासाच आहे. पोरांच्या हातातली ती काळी वस्तू ठेक्यातली मासळी निघाली.

त्याच कायद्यात खासगी पाण्याचं वेगळं कलम आहे. जे पाणी एकट्याच्या मालकीचं, त्याला सरकारचे मासेमारीचे नियम लावायचे तर मालकाची लेखी संमती लागते. म्हणजे माझं दिवाळीतलं वाक्य तळ्यापुरतं बरोबर होतं. तळ्यात काय टाकता हे खरंच कुणी विचारत नाही. टाकायला आणता कुठून, हे विचारतात.

मला इथे संस्थेची बाजू पटते, आणि ती केवळ ठेक्याच्या पावतीमुळे नाही. आठ सेंटिमीटरचा शिंपला एका पावसाळ्यात होत नाही, त्याला वर्षं लागतात. त्याच्या पिल्लाची सुरुवातही अवघड असते. ते आधी एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही दिवस काढतं, मगच सुटून तळाशी बसतं. मासा नसेल तर ते संपलंच. वर हा जीव दिवसभर पाणी गाळत बसलेला असतो. अशा जिवाची पोती उचलणारा एक असेल तर धरणाला जाणवणार नाही. पण मोबाईलवरचा तो व्हिडिओ एकट्या वहिनींनी थोडाच बघितला होता? टोपलीला संस्था कधी अडवत नव्हती, आजही अडवत नाही. तिने पोतं अडवलं. हा फरक कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण राखणदाराला तो बरोबर कळला.

पोती दुसऱ्या दिवशी परत गाळात रिकामी झाली. पोलिसांपर्यंत गेलं नाही.

पावतीवरचा 'इतर' रकाना

मिटलं ते असं. संस्थेच्या सभेत ठराव झाला: वर्षाला सहाशे नग, आठ सेंटिमीटरच्या खालचा एकही नाही, राखणदारासमोर वेचायचे, नगाला सहा रुपये, पावती घ्यायची. सचिवांच्या पावतीपुस्तकात रोहू, कटला, मृगळ, इतर असे रकाने छापलेले. त्यांनी 'इतर'मध्ये लिहिलं, 'शिंपले, नग ६००'. ज्या व्याख्येने दादांना चोर ठरवलं होतं, तिनेच संस्थेला ते शिंपले विकायचा हक्क दिला. शिंपला मासळी नसता, तर संस्था पावती कशाची फाडणार होती?

मला वाटलं, याला वरूनही एक कागद असावा. ठेक्याच्या करारात शिंपल्याचा शब्दही नव्हता. उद्या कुणी तक्रार केली तर? म्हणून संबंधित कार्यालयात अर्ज केला. दिंडोरी ते नाशिक तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी चहा मिळाला, प्रत्येक वेळी "आमची काही हरकत नाही" हे तोंडी मिळालं. लेखी मागितलं की साहेब पेन खाली ठेवायचे. तिसऱ्या खेपेला ते मनापासून म्हणाले, "अहो, नाही म्हणायलाही मला नियम लागतो आणि हो म्हणायलाही. याला दोन्ही नाहीत."

त्या माणसाचा मला राग आला नाही. शिंपल्याचा दर ठरलेला नाही, किती काढायचे याची मर्यादा नाही, अशा गोष्टीवर जो सही करेल तोच उद्या उत्तर देत बसणार. पण याचा भार कुणावर आला? मोठा गुंतवणूकदार असता तर त्याने वकिलाचं मत घेऊन फाइलला लावलं असतं. वहिनींकडे एक पिवळी पावती होती. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली.

मधल्या काळात स्वस्त शिंपलेही चालून आले. निफाडच्या बाजूचा एक जण म्हणाला, नगाला तीन रुपये, घरपोच. कुठून आणतोस विचारलं तर म्हणाला, "नांदूरमध्यमेश्वरच्या अंगानं." मी वहिनींना म्हटलं, याला दारातही उभं करू नका. नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० मध्ये तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तिथून परवानगीशिवाय वन्यजीव उचलणं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ ला हात घालणं. धरणावर निदान ओसरीवरची बैठक होती. तिथे ओसरी नाही.

समुद्रावर उलटं

या सगळ्यात मी एकदा सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाच्या ताईंशी फोनवर बोललो. खाडीत दोऱ्यांवर शिनाणे (खाऱ्या पाण्यातले शिंपले) आणि रॅकवर कालवं वाढवणारा त्यांचा गट. त्यांची गोष्ट ऐकली आणि आमचीच गोष्ट आरशात बघितल्यासारखं झालं. त्यांच्याकडे बी ही अडचण नाही, खडकावर लागलेलं असतं, नाहीतर गटाला कुणीतरी आणून देतं. अडचण पाण्याची. खाडी कुणा एकाची नाही. बांबू कुठे रोवायचा, होडीची वाट सोडायची का, भरतीरेषेपासून किती आत, हे सगळं दुसऱ्याच्या हातात. किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आला तो मुख्यतः कोळंबीच्या तळ्यांसाठी. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचा पसारा वाढवून त्यात शिंपले, समुद्री शेवाळ वगैरेही आणले. नोंदणी पाच वर्षांची. कटकटीची असेल, पण अर्ज कुठे करायचा हे तरी ठरलेलं आहे.

कोकणातल्या बाईला परवाना लागतो तो जागेचा. आमच्या वहिनींची जागा स्वतःची (असं आम्हाला तेव्हा वाटत होतं), त्यांना परवाना लागतो तो जिवाचा. कोकणात नियम जास्त झालेत अशी तक्रार, आमच्याकडे नियमच नाही अशी. बोलता बोलता ताई म्हणाल्या, "तुमचं तळं तरी तुमचं आहे हो." आणि मला कंसातलं ते वाक्य टोचलं. कारण तेव्हा वहिनींचा अनुदानाचा अर्ज सातबाऱ्यावर अडकलेला होता.

सून आणि नऊ आर

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान. साहजिकच अर्ज वहिनींच्या नावाने करायचं ठरलं. पण जमीन अर्जदाराच्या नावावर हवी, नाहीतर बऱ्याच वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार हवा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर.

मी सासऱ्यांना भाडेकराराचं सांगायला गेलो. ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. आधी त्यांना कळलंच नाही. मग हसले ते थांबेचनात. "म्हणजे मी सुनेकडून तळ्याचं भाडं घेऊ? आणि तिनं भाकरी वाढताना हिशेब करावा?" विषय तिथेच संपला.

मग बक्षीसपत्र. शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये. या यादीत सून आहे का? आहे, पण 'मयत मुलाची पत्नी' म्हणून. नवरा जिवंत असेल तर सुनेला सवलत नाही. हे मी वहिनींना वाचून दाखवलं तेव्हा दादा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मग मी काय करावं आता?"

लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक १९९२ पासून आहे, पण त्याने नवरा स्वतःच्या जमिनीवर बायकोचं नाव लावतो. दादांच्या नावावर तर काहीच नव्हतं. शेवटी दोन टप्प्यांचा रस्ता काढला: सासऱ्यांकडून मुलाला, मुलाकडून बायकोला. दोन्ही दस्त दोनशे-दोनशेत. सासरे तळ्यापुरतं द्यायला तयार झाले. मोजलं तर तीस बाय तीस, म्हणजे नऊशे चौरस मीटर, म्हणजे नऊ आर. बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे दस्त करता येईल अशी कमीत कमी जमीन, ऑगस्ट २०२३ मध्ये कमी केलं ते दहा आरवर. एक आर कमी पडला आणि तळं 'तुकडा' ठरलं. तुकड्याचा दस्त होत नाही.

बांध धरून मोजा, वाट धरून मोजा, असे सगळे सल्ले आले. सासऱ्यांनी एक दिवस कंटाळून चाळीस आर लिहून दिले, तळ्याला लागून असलेल्या द्राक्षाच्या ओळींसकट. गावात याची चर्चा मोत्यांपेक्षा जास्त झाली. दोन दस्त, दोन फेरफार, हरकतीची मुदत. फेरफार मंजूर होऊन वहिनींचं नाव सातबाऱ्यावर दिसलं, तोवर त्या वर्षाचे प्रस्ताव निघून गेले होते.

अनुदान मिळालं नाही ते नाहीच. पण ज्या बाईच्या नावावर काही नव्हतं, तिच्या नावावर एकर जमीन आली. मोत्याच्या नादाने का होईना. योजनेच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात भरणार?

मोरचूद

पावतीचे सहाशे शिंपले जून २०२४ मध्ये आले. वहिनींनी स्वतः शस्त्रक्रिया केल्या, रोज पन्नास-साठ. मी एकदा बघायला गेलो होतो. ओसरीत चटईवर बसून, गुडघ्यावर ओला टॉवेल, समोर बल्ब. फटीत लाकडी पाचर, एका हाताने पडदा उचलायचा, दुसऱ्याने साचा आत. श्वास रोखलेला. साचा बसला की त्या हळूच "हं" म्हणायच्या आणि शिंपला पाण्यात सोडायच्या. भरतकाम करणाऱ्या बायकांचा हात या कामाला लागतो.

तळ्याला प्लास्टिकचा कागद असल्यामुळे शेवाळ धरत नव्हतं, शिंपल्याला खायला मिळेना. शेणकाला टाकत टाकत पाणी हिरवट केलं. ऑगस्ट-सप्टेंबर चांगले गेले.

ऑक्टोबरात गोडी छाटण्या, म्हणजे फळासाठीच्या छाटण्या, झाल्या आणि मागोमाग परतीचा पाऊस. डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती. ज्याच्या त्याच्या बागेत ब्लोअर सुरू, बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं बुरशीला मारतं, आणि गोगलगाय-शिंपल्याच्या कुळालाही मारतं. जगभर गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात. वहिनींच्या तळ्याच्या पश्चिमेला शेजाऱ्यांची बाग, वारा तिकडूनच. शिवाय एका सकाळी शेजाऱ्याच्या गड्याने ब्लोअरची टाकी तळ्यात पाणी येतं त्या चारीवर धुतली. निळसर ओघळ मी स्वतः बघितला. आठवड्याभरात पश्चिमेकडच्या दोरीवरच्या पिशव्या हलक्या लागायला लागल्या.

दोनशेहून जास्त गेले.

शेजारी भला माणूस. ऐकून कानाच्या पाळीला हात लावला. त्याला काय माहीत? त्याने त्याची बाग वाचवली. इथे मला परवानग्यांचा सगळा पसारा उघडा पडलेला दिसला. शिंपला कुठून आणला हे विचारणारे होते, तळं कुणाच्या नावावर हे विचारणारे होते, किती आर हे मोजणारे होते. त्या तळ्याच्या पाण्यात काय येऊन पडतं, हे विचारणारं कुणी नव्हतं. वहिनींनी त्यावर कुठे अर्ज केला नाही. चारीवर सिमेंटचा पाइप टाकून घेतला आणि शेजाऱ्याच्या बायकोला सांगून ठेवलं, फवारणीच्या आदल्या दिवशी हाक मारत जा. तेवढ्या दिवशी त्या पिशव्या पूर्वेकडच्या दोरीवर हलवतात. वारा बघून.

रोहूची शंभर पिल्लं

पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी मी एक युक्ती सांगितली, तिचा मला अर्धा अभिमान आहे आणि अर्धी लाज. अर्जात 'संवर्धित जात' निवडायची यादी असते. तिच्यात आम्हाला लागणारं नाव नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, तळ्यात शंभर रोहू-कटल्याची बोटुकली सोडा. मासे दिसले की तळं कागदावर मत्स्यपालनाचं होतं, मग शिंपले कुणी मोजत नाही. संस्थेनेच बोटुकली दिली, त्याचीही पावती.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यात शेतकऱ्यासारखी वागणूक. गावात पेढे वाटावेत असा निर्णय, आणि तळ्यातल्या माशांमुळे वहिनी त्यात बसतील अशी आशा आहे. पण मला गंमत वाटते ती ही, की मोती पिकवणारी बाई शेतकरी ठरायला तळ्यात रोहू लागतो.

गणपतीच्या आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, शिंपले उघडले. साडेतीनशेच्या आत उरले होते. कित्येकांत साच्यावर थर पातळ, काहींत साचाच बाहेर टाकलेला. विकण्यासारखे गणपती निघाले ते दीडशेच्या आसपास. बाय-बॅकवाल्यांचा फोन लागला नाही. नाशिकच्या सराफाने भिंगातून बघून नम्रपणे परत दिले. बचत गटांच्या स्टॉलवर मात्र गणेशोत्सवात गेले, काही पदकात बसवून, काही नुसते. सगळा खर्च वजा जाता हातात राहिलं ते बागेच्या एका फवारणीच्या बिलाइतकं. वहिनी यात खूश आहेत. मी असतो तर नसतो झालो.

संस्थेचा ठेका आता संपत आलाय. शेजारच्या तालुक्यातली दुसरी संस्था धरणावर डोळा ठेवून आहे. ठेका तिकडे गेला तर हा ठराव, हे सहा रुपये, हा 'इतर' रकाना, सगळं पुन्हा ओसरीवरून सुरू. अध्यक्ष म्हणाले, "नवीन लोकांना मी सांगून बघेन." लेखी काही नाही, कारण लिहायला काही नाहीच.

गणपतीनंतर वहिनींनी तळ्याच्या कोपऱ्यातला गाळ काढायला घेतला. दुपारी केंद्रावर आल्या तेव्हा हातात स्टीलची वाटी होती. वाटीत ओंजळभर पाणी आणि त्यात नऊ शिंपले, करंगळीच्या नखाएवढे. कवच इतकं पातळ, की उजेड आरपार दिसत होता. रोहूच्या कल्ल्यांना चिकटून मोठे झाले असणार. मी एकाला पेनच्या टोकाने हलकं टोकलं. मिटला.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "यांची पावती कुणाकडनं घ्यायची?"